पाठ फिरली की पुन्हा पहिल्यापासून

त्या गल्लीत वायरमनला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला 'थांबा' म्हणत. तोंडावर थांबाकाका, माघारी नुसता थांबा. कारण कुठल्याही घरात शिरला की त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. "काका, हा दिवा सारखा लुकलुकतो..." "थांबा." "काका, आधी चहा घ्या..." "थांबा." एकदा म्हणे कोणी धावत येऊन त्याला सांगितलं, अहो, तुमच्या सायकलचं चाक पळवलं, तर तेव्हाही तो जिन्यावरून 'थांबा' म्हणाला आणि बोर्डाचे चारही स्क्रू बसवूनच खाली उतरला. यात तिखटमीठ किती ते गल्लीलाच ठाऊक.

छोटीच्या आईने त्याला बोलावलं ते काही हौसेने नाही. दुसरा वायरमन, ज्याची अर्ध्या तासात काम उरकतो अशी ख्याती होती, तो पंधरा दिवस उद्या येतो, उद्या येतो करत होता. आणि इकडे छोटीचं एक वाक्य आईच्या डोक्यात मुंगीसारखं फिरत होतं.

छोटी सात वर्षांची. तिला आता स्वतःची खोली हवी होती. मागच्या बाजूची लहान खोली रिकामी केली, खिडकीखाली लोखंडी पलंग लावला, आणि चार दिवसांनी छोटी म्हणाली, "आई, ही भिंत गुदगुल्या करते."

"भिंत?"

"हो. इथे, खिडकीपाशी. पण रोज नाही करत. तिच्या मनात असलं तरच."

बाबांनी खिडकीचे गज धरून पाहिले, भिंतीवर तळवा फिरवला, पलंगावर थाप मारली. काही नाही. "भिंतीला कुठे करंट असतो का? हिला त्या खोलीत एकटं झोपायची भीती वाटते, दुसरं काय," असं म्हणून ते पेपर वाचायला बसले. आईने मात्र त्याच संध्याकाळी छोटीची उशी उचलून आपल्या खोलीत आणली. मुलं खोटं बोलतात हे तिला कबूल होतं. पण खोटं बोलायचं तर 'तिच्या मनात असलं तरच' असं कोण कशाला बोलेल?

थांबा सकाळी दहाला आला. अठ्ठावन्न-साठीचा, काटकुळा, जाड रबरी तळव्याचे बूट, हातात लाकडी स्टूल. स्टुलाच्या चारही पायांना सायकलच्या टायरचे तुकडे ठोकलेले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वळलेली, सरळ होत नव्हती. आईने ती पहिल्याच मिनिटात पाहून ठेवली. मारामारीत मोडली असतील, तिच्या मनात आलं. माणसाचं काय सांगावं?

"काका, मागच्या खोलीतला प्लग पलंगापासून लांब, वरच्या बाजूला घ्यायचाय. आणि तिथे भिंतीला..."

"थांबा."

त्याने पिशवी उघडलीच नाही. स्टूल दाराशी ठेवलं आणि घरभर हिंडायला लागला. माळ्याकडे पाहिलं, कपाटामागे डोकावला, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मग प्रश्न सुरू झाले. आणि प्रश्न कसले! घर विकत घेतलं का? कोणाकडून? त्याच्या आधी कोण राहायचं? ही भिंत पहिल्यापासून आहे का? दुपारी घरात कोण असतं? लाईट कोण लावतं, कोण बंद करतं? तुम्ही कुठे बाहेर जाता का रोज, किती वाजता?

आईचा हात नकळत गळ्याशी गेला. "हे सगळं कशाला हवंय तुम्हाला?"

"घराला विचारलं तर घर सांगत नाही, ताई. म्हणून माणसांना विचारायचं."

हे उत्तर ऐकून तिला आणखीच कसंतरी झालं. ती स्वयंपाकघरात गेली, पण अशा जागी उभी राहिली, की ओट्यापासून त्याची पाठ दिसत राहील. पिठाच्या डब्यात ठेवलेली कपाटाची किल्ली तिने काढून कमरेला खोचली.

त्याने पिशवीतून काढलं काय, तर एक वही आणि एक जुनाट रेडिओ. पक्कड नाही, टेस्टर नाही, रेडिओ! छोटीच्या खोलीतल्या प्लगला त्याने तो लावला, आवाज पूर्ण मोठा केला. कोणी बाई पिकांवरच्या किडीबद्दल माहिती सांगत होत्या. मग तो पुढच्या खोलीत मेन बोर्डापाशी आला आणि एकेक बटण खाली पाडू लागला. पहिलं पाडलं, मागे किडीबद्दल चालूच. दुसरं, तिसरं, चौथं. पिठ्या ढेकूण पानाच्या मागे बसतो, हे सगळ्या घराला ऐकू आलं.

"आता मेन," तो म्हणाला आणि मेन स्विच बंद केला.

फ्रीज आचका देऊन गप्प झाला. पंखे सुस्तावत थांबले. घरात ती विशिष्ट शांतता पसरली, जिच्यात एरवी नळाचा थेंबही ऐकू येतो. आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून बाई ठणठणीत आवाजात सांगत होत्या, की कडुनिंबाचा अर्क फवारावा.

आईच्या अंगावर सरसरून काटा आला. पण दुसऱ्याच क्षणी संशयाने डोकं वर काढलं. "रेडिओत सेल असतील तुमच्या."

त्याला राग आला नाही. त्याने रेडिओ पालथा केला, मागचं झाकण काढलं. सेलची जागा रिकामी. नुसती रिकामी नाही, तिथे कोळ्याचं जाळं होतं.

"तुमचा मेन बंद आहे आणि हा प्लग जिवंत आहे," तो म्हणाला. "आज काम नाही. प्लगवर टेप लावून जातो. पोरीला या खोलीत पाठवू नका. आणि साहेबांना सांगा, हात लावू नका."

"म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही?"

"न समजता केलेलं काम म्हणजे काम नव्हे, ताई. उद्या येतो."

घरी आल्यावर बाबांनी सगळं ऐकलं आणि हसून मान हलवली. "जुनी युक्ती आहे. आधी भूत दाखवायचं, मग भूत काढायचं. सगळ्या घराची वायरिंग बदला म्हणेल बघ उद्या. रविवारी मीच करतो. मेन बंद केला, की तार म्हणजे नुसती सुतळी."

"अहो, मेन बंद असतानाच तर रेडिओ बोलत होता!"

"तू पाहिलंस, की त्याने तुला दाखवलं?"

खरंच, मेन त्याने पाडला, रेडिओ त्याचा, प्लगमध्ये काय घातलं ते त्यालाच माहीत. तिने टेप लावलेल्या त्या प्लगकडे दारातूनच पाहिलं. एकीकडे तिला वाटे, हा माणूस लबाड असावा. मग लगेच वाटे, लबाड नसला तर? लबाड असला तर थोडा भुर्दंड पडेल. लबाड नसला, तर या भिंतीपाशी तिची पोर चार दिवस झोपून उठली होती. दोन्हीपैकी कुठलं खरं निघावं असं तिला वाटत होतं, याचं उत्तर मात्र सोपं होतं. तो लबाडच निघो.

दुसऱ्या दिवशी तो आला तो थेट शेजारच्या आजींना घेऊन. आजी म्हणजे भिंतीपलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. येताना हातात काठी होती, पण टेकवायला कमी आणि रोखायला जास्त.

"हा म्हणतो, माझा मेन बंद करायचा," आजी दारातूनच म्हणाल्या. "कशासाठी? तुमच्या घरातलं काम आणि अंधार माझ्याकडे?"

"थांबा, आजी. दोन मिनिटं."

आजींच्या घरात जुना चिनीमातीचा फ्यूज होता. त्याने तो उपटला. तो उपटताक्षणी भिंतीच्या अलीकडे, छोटीच्या खोलीत, त्याने पुन्हा प्लगला लावलेला रेडिओ वाक्याच्या मध्यावर गप्प झाला.

मग आजींची ट्यूब पेटली.

"म्हणजे? इतकी वर्षं माझी वीज तुम्ही वापरत होतात?"

"आजी, काहीतरीच काय बोलता! आम्हाला काय माहीत? त्या प्लगला फार तर कधी इस्त्री लावली असेल."

"इस्त्रीच तर खाते वीज! पंखा बिचारा काय खातो?"

"मग काय, तार मी ओढली का तुमच्या घरातून? मला चार वर्षं झाली इथे येऊन. आणि भिंतीपलीकडे काय आहे ते तुम्हाला ठाऊक असणार, मला नाही."

"बघा, आता मीच चोर!"

"थांबा," तो म्हणाला. "दोघीही थांबा. आजी, ही खोली पूर्वी कोणाची होती?"

आजींची काठी खाली आली. त्या सांगू लागल्या. हे सगळं एकच घर होतं. त्यांचे यजमान थोरले, दीर धाकटे. भावाभावांचं बिनसलं, वाटणी झाली. ही खोली मुळात थोरल्याच्या बाजूची, पण धाकट्याने हट्ट धरला, खोली मला द्या आणि गच्चीचा जिना तुम्ही घ्या. दाराच्या जागी विटा रचल्या, गिलावा केला. "भांडी वाटली. चमचेसुद्धा मोजून वाटले. एक घड्याळ होतं, ते कोणालाच नको म्हणून विकलं. सगळं वाटलं हो."

"तारा वाटायच्या राहिल्या," थांबा म्हणाला.

त्याने वहीत रेघ ओढली. भिंत दाखवणाऱ्या जाड रेघेला छेदून जाणारी एक लाल रेघ. मग त्याने बोर्ड उघडला आणि आत पाहिलं. एकाच बोर्डात दोन घरं होती. प्लगची तार आजींच्या घरातून आलेली. पण दिव्याचं बटण त्याच बोर्डात असूनही त्याची तार इकडून आलेली, मधल्या कोणा मालकाने नंतर ओढलेली. रंग दोन्हींचे सारखेच. जुन्या धुळीने दोन्ही उंदराच्या शेपटीसारख्या झालेल्या. "म्हणून दोन्हीकडचे मेन बंद पाहिजेत," तो म्हणाला. "तुमचा पण आणि आजींचा पण. एक जरी चालू राहिला, तरी माणूस गेला."

आजींचा फ्यूज त्याने स्वतःच्या खिशात घातला. या घरच्या मेनवर टेपने एक पुठ्ठा चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माणूस काम करतोय'. मग टेस्टरने एकेक टोक तपासलं. एकही पेटलं नाही. तारा उघड्या करून लोंबत्या ठेवल्या आणि तो डबा खायला मागच्या अंगणात गेला. अंगण दोन्ही घरांचं एकच होतं. तेही वाटायचं राहिलं होतं बहुतेक.

इथे छोटीच्या आईच्या डोक्यातला भुंगा पुन्हा गुणगुणायला लागला. वहीतलं चित्र तिने पाहिलं होतं. प्लगची तार आजींची. गुदगुल्या करणारा तो प्लगच असणार. मग आपला मेन कशाला बंद? सकाळपासून बंद. फ्रीजमध्ये दूध, कालची भाजी, छोटीचं औषध. हा मुद्दाम तर लांबण लावत नाही? जेवायला अर्धा तास, मग पान खायला अर्धा तास, की दिवस गेला. तो अंगणात आजींशी गप्पा मारताना तिला ऐकू येत होता.

तिने पुठ्ठा अलगद वर केला आणि मेन लावला. पंखा लावला असता, तर त्याला कळलं असतं. म्हणून पंखा लावला नाही. फक्त फ्रीज. तो येताना आजींच्या घरावरून फिरून पुढच्या दाराने येईल, बुटांचा आवाज होईल, तेवढ्यात बंद करू. पुठ्ठा पुन्हा होता तसा खाली केला. छोटी टेबलापाशी चित्र रंगवत बसली होती. तिने मान वर केली आणि खाली घातली.

तो पुढच्या दाराने आला नाही. अंगणातून मागच्या दाराने सरळ छोटीच्या खोलीत गेला. आई तेव्हा ओट्यावरचं पुसत होती. तिला आधी स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि मग तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

ती धावली. दारात पोचली तेव्हा तो स्टुलावर बसलेला, उजव्या हातात पक्कड, आणि पक्कड उघड्या तारेपासून वीतभर लांब. डाव्या हातात टेस्टर. टेस्टर तारेला टेकलेला. टेस्टरच्या पोटातला लहानसा लाल दिवा पेटलेला.

त्याने पक्कड मांडीवर ठेवली.

"ताई, मेन कोणी लावला?"

आईने ओठ उघडले. वाऱ्याने... मुलीने... आपोआप... काय काय तिच्या जिभेवर येऊन गेलं.

"आईने लावला," मागून छोटी म्हणाली. "फ्रीजसाठी."

आई जाऊन मेन पाडून आली. ती दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली. "काका, मला वाटलं... तार तर आजींची..."

"दिव्याची तार तुमची."

"तुम्ही मघाशी तपासलं होतं ना सगळं? मग परत का..."

"माझी पाठ फिरली होती," तो म्हणाला. "पाठ फिरली की पुन्हा पहिल्यापासून. पाणी प्यायला गेलो तरी पहिल्यापासून."

तो रागावेल, पिशवी उचलून निघून जाईल असं तिला वाटलं. त्याने तसं काही केलं नाही. वळलेली दोन बोटं दुसऱ्या हाताने चोळत तो सहज बोलल्यासारखा बोलला. विशीत असताना स्वतःच्याच घरात तार जोडत होता. मेन पाडलेला. मध्ये कोणी हाक मारली म्हणून दोन मिनिटं खाली गेला, परत येऊन सरळ तारेला हात घातला. तेवढ्या दोन मिनिटांत त्याच्या आईने मेन लावला होता. तिला त्याचा सदरा इस्त्री करायचा होता. त्याला कुठे तरी मुलाखतीला जायचं होतं म्हणून.

"बोटं गेली, त्याचं एवढं काही नाही. काम अडत नाही. पण आई पुढे अकरा वर्षं जगली, आणि अकरा वर्षं तिने घरातल्या एका बटणाला हात लावला नाही. दिवा लावायला शेजारच्या मुलीला बोलवायची. तेव्हा मी ठरवलं. मेन कोणीही लावो, कशासाठीही लावो, माझ्यामुळे पुन्हा कोणाला तसं जगायला लागता कामा नये." त्याने टेस्टर पुन्हा तारेला लावला. अंधार. दुसऱ्या तारेला. अंधार. "तुमच्यावर संशय नव्हता, ताई. तो मी सगळ्यांवरच घेतो. माझ्यावर पहिला."

आईने पदराने तोंड पुसलं. मग उठून मेन बोर्डापाशी गेली आणि त्याखाली खुर्ची टाकून, पाठ टेकून, काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिली. मध्ये आजी आल्या आणि म्हणाल्या, "हे काय, मेनची राखण?"

"हो."

"मग मीही बसते. माझा फ्यूज त्याच्या खिशात आहे, पण कोणाचा भरवसा?" आणि त्या शेजारी बसल्या. इस्त्रीचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

दुपार कलताना त्याने खिडकीखालचा गिलावा फोडला. आत, आजींच्या घरातून आलेल्या तारेचा एक जोड निघाला. कापडी पट्टी गुंडाळलेला, आणि पट्टीचा भुगा झालेला. जोडाचं उघडं तोंड खिडकीच्या गजाच्या भिंतीत पुरलेल्या टोकाला टेकलं होतं. गजाला पलंग टेकला होता. त्याने आईला बोलावून दाखवलं. "साहेब घरात चपला घालतात का?"

"नेहमी."

"आणि पोरगी?"

पोरगी कधीच घालत नसे. फरशी पुसली की ओल्या फरशीवर अनवाणी नाचणं हा तिचा खेळच होता. भिंतीच्या मनात कधी असतं आणि कधी नसतं, ते आईला आता कळलं. तिने छोटीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आपल्याकडे ओढलं, इतकं, की छोटी म्हणाली, "आई, लागतंय."

संध्याकाळपर्यंत आजींची तार आजींच्याच बाजूला तोडून बंद झाली. जोड निघाला. छोटीच्या खोलीला तिच्याच घराच्या मेनवरून नवी तार आली, अर्थिंगसकट, प्लग वरच्या बाजूला गेला. बाबा आले, तेव्हा थांबा त्यांना वहीतलं चित्र दाखवत होता. लाल रेघेवर आता फुली होती. ते कागदावर झुकले आणि त्यांनी फुलीवर बोट ठेवलं. "रविवारी मी मेन बंद करून हे उघडणार होतो," ते हळूच म्हणाले. तेवढंच.

मग थांबाने आईला फरशी ओली करायला सांगितली. आधी मीटर लावून पाहिलं, मग बूट काढले, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला आणि दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले. तसाच उभा राहून त्याने आईकडे पाहिलं. काही नाही. मग बूट घातले, वाकून पिशवी भरायला लागला.

"मी! मी धरते!" छोटी अनवाणी धावली.

"थांब!"

आईचा आवाज एवढा मोठा निघाला, की बाबाही जागच्या जागी थबकले. तिने छोटीचा दंड धरून तिला मागे खेचलं आणि थांबाकडे वळली. जरा लाजली, पण म्हणालीच.

"काका, पिशवी भरताना तुमची पाठ फिरली होती."

बाबांनी कपाळावर हात मारला. थांबाने मात्र पिशवी खाली ठेवली, मीटर पुन्हा बाहेर काढला, बुटांच्या नाड्या पुन्हा सोडल्या. पहिल्यापासून सगळं केलं. काटा हलला नाही. गज धरले. काही नाही.

"आता जा," आईने छोटीला सोडलं.

छोटीने दोन्ही हातांनी गज धरले, गाल भिंतीला लावला, वाट पाहिली. मग हिरमुसून वळली.

"काहीच करत नाही आता ही," ती म्हणाली.